मेहलनचे तीन कान

माझा नवरा मेहलन बहिरा होत चाललाय हे आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मेहलनला नव्हतं. मी त्याला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण बायकोचं बोलणं नवऱ्याला ऐकू न येणं याला कुणी बहिरेपणा म्हणत नाही, संसार म्हणतात. त्यामुळे माझं सांगणं त्याच खात्यात जमा होत गेलं.

आम्ही मेनोनाइट, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवाच्या मक्याच्या शेतांत साधेपणाने राहणारे ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये पियानो नाही, ऑर्गन नाही, काही नाही. माणसांचे गळे आणि लाकडी बाकं, एवढ्यावर आमचं गाणं चालतं. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन, असे चार आवाज मिळून गातात. पुढे एकजण उभा राहतो. तो सूर देणारा नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरतो, चारही आवाजांना आपापला सूर गुणगुणून देतो आणि हात वर करतो. मग तो हात सांगेल तेव्हा सुरू करायचं आणि सांगेल तेव्हा थांबायचं. आमच्या चर्चमध्ये तो हात किती तरी वर्षं मेहलनचा होता.

मेहलन बोलण्यात कच्चा. मला लग्नाचं विचारायला आला तेव्हा अर्धा तास माझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरबद्दल बोलत बसला होता. शेवटी मीच म्हणाले, 'हो.' पण तोच माणूस समोर उभा राहून हात वर करतो तेव्हा अडखळत नाही. त्याला जे म्हणायचं असतं ते सगळं आमच्या तोंडून निघतं. हे त्याच्याकडून काढून घेतलं असतं तर उरलेला मेहलन मला नीटसा माहीत नाही, आणि खरं सांगते, त्याची मला भीती वाटत होती.

त्याचे कान डुकरांनी खाल्ले. जन्मभर आमची डुकरांची शेड होती. खाणं घालायच्या वेळी ती एकदम किंचाळायला लागली की पत्र्याचं छप्पर थरथरायचं. त्यात मका वाळवायच्या यंत्राची घरघर. कानात बोळे घाल म्हटलं तर म्हणायचा, "मग डुकरांचं काय बिनसलंय ते कसं कळणार?" आता डुकरंही गेली आणि कानही गेले.

तर झालं असं, की गाणी संथ होत गेली. आधी थोडी, मग बरीच. प्रत्येक ओळीच्या शेवटी मेहलनचा हात हवेत थांबायचा. तो थांबला की आम्ही सगळे तो सूर धरून बसायचो. छातीतला वारा संपायचा, पोरं लाल व्हायची, पण हात काही खाली यायचा नाही. आमच्याकडे बायका चर्चला निघताना ओव्हनमध्ये मांस आणि बटाटे ठेवून येतात. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत रविवारी निम्म्या घरांत करपलेलं मांस खातात, ते माझ्या नवऱ्यापायी.

पण कुणी बोलेल तर शपथ. आमच्यात लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं: पुढच्याचा हात चुकला तर त्याच्याबरोबर चुकायचं. एकट्याने बरोबर गाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून चुकीचं गायलेलं बरं. बाहेरचे पाहुणे आले की पहिल्या कडव्यात पुढे पळायचे, दुसऱ्यात ओशाळायचे आणि तिसऱ्यात आमच्यासारखे लोंबकळायला लागायचे.

आणि मेहलन घरी येऊन काय म्हणायचा? कोट खुंटीला अडकवता अडकवता म्हणायचा, "लोक फार ओढतात गं हल्ली, व्हर्डा. मी हात हलवून हलवून थकतो, पण यांची ओळ संपतच नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणायचे.

"काय?"

"काही नाही. बटाटे घे."

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी आमचा पाळक लव्हॉन घरी आला. पाळक म्हणजे काही मोठी असामी नव्हे. आठवडाभर तो सुतारकाम करतो आणि रविवारी उपदेश. मेहलनपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने पीचचा केक खाल्ला, दुसरा तुकडाही घेतला, मक्याची चौकशी केली. मग म्हणाला, "मेहलन, तुम्ही फार वर्षं सेवा केलीत."

आमच्याकडे असं कुणी म्हणालं की समजावं, खुर्ची काढून घ्यायला आलाय.

"गाणं कुणी घ्यायचं त्याचं जानेवारीत मतदान आहेच," लव्हॉन म्हणाला. "मंडळींना वाटतं, डॅरेलसारख्या तरुणाला थोडी संधी दिली तर... तुम्हालाही विश्रांती."

"माझ्या हाताचं काही चुकतंय का?" मेहलनने विचारलं.

लव्हॉनने आपल्या बुटांकडे पाहिलं. "नाही, नाही. चुकत असं काही नाही."

माझं डोकंच फिरलं. "अरे, तोंड शिवलंय का तुझं? सांग ना सरळ. मेहलन, तुला ऐकू येत नाही. वरचे आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तू थांबून राहतोस आणि आम्ही सगळे जीव जाईपर्यंत लोंबकळतो. मी सांगून थकले. आता यालाही विचार, म्हणजे फक्त बायकोचं मत म्हणून सोडून देता येणार नाही."

लव्हॉनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. मेहलनने ते पाहिलं. डोळे त्याचे अजून शाबूत आहेत.

लव्हॉन निघाला तेव्हा मेहलन त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेला. "ऑक्टोबरात प्रभुभोजनाचा रविवार आहे," तो म्हणाला. "तोवर मी कानांचं काय होतं ते बघतो. नाही जमलं, तर त्या दिवशी मीच नादकाटा डॅरेलच्या हातात देईन. मतदानाची वाट नको." मग घरात येऊन मला म्हणाला, "तुझ्या त्या कुबिचेक बाईला फोन कर."

रेनी कुबिचेक आयोवा सिटीत कान तपासते. माझे कान पन्नाशीत एका तापाने गेले, तेव्हापासून मी तिच्याकडे जाते. माझी यंत्रं जुन्या पद्धतीची, ठसठशीत. कानामागे शेंगेएवढा भाग, त्यातून पुढे येणारी नळी आणि कानाच्या भोकात गच्च बसणारा साचा. जेवढं ऐकायचं तेवढं त्यातून ऐकू येतं. नको ते सुरू झालं की मी बटण दाबून बंद करते. संसारात याची फार मदत होते.

रेनीने मेहलनला काचेच्या खोलीत बसवलं, शिट्ट्या ऐकवल्या, आणि मग कागदावरची रेषा दाखवली. डावीकडे ती सपाट होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

"खालचे सूर तुम्हाला माझ्यापेक्षाही चांगले ऐकू येतात," ती म्हणाली. "पुरुषांचे आवाज, ट्रकचे आवाज, सगळं ठीक. वरचं मात्र गेलंय. बायकांचे आणि मुलांचे आवाज, आणि शब्दांच्या शेवटचे स, श, त, फ. ओळ कधी संपली तेच तुम्हाला कळत नसेल."

"म्हणजे निम्मं चर्च गेलं," मी म्हणाले.

रेषेचा खाली गेलेला भाग मेहलन अंगठ्याने चोळत होता, जणू पुसून निघेल.

मग तिने टेबलावर निरनिराळ्या जातीची यंत्रं मांडली. एका टोकाला माझ्यासारखं, दुसऱ्या टोकाला घेवड्याच्या बीएवढं एक, जे कानाच्या भोकात आत जाऊन बसतं आणि बाहेरून दिसतच नाही. मेहलनने थेट त्याच्यावर बोट ठेवलं.

"का रे, बाकीची बघ तरी," मी म्हणाले.

"आपण साधी माणसं," तो गंभीरपणे म्हणाला. "आपण अंगठी घालत नाही, टाय लावत नाही. कानात काही घातलेलं दिसणं बरं नव्हे. दागिना वाटतो."

रेनीला हसू आवरेना. मी काही हसले नाही. "दागिना! ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? मी इतकी वर्षं घालतेय तो दागिनाच म्हणायचा का मग?"

"तुझं टोपीखाली झाकलं जातं."

ते खरं होतं. आम्हा बायकांच्या डोक्यावरची पांढरी टोपी कानांच्या वरच्या भागावर येते. दिसत नाही हे खरं, पण कापड यंत्रावर घासलं की दिवसभर कुणीतरी कानाशी मक्याची कणसं सोलतंय असं वाटतं. ते कोण सहन करतं? मी. पण मी गप्प बसले, कारण साठी ओलांडलेल्या माणसाला आपण देखणे आहोत असं अजून वाटत असेल तर वाटू द्यावं.

रेनी म्हणाली, "घेऊन जा. काही दिवस वापरा. नाही पटलं तर बदलू. पण तुम्ही गाता, म्हणून आधीच सांगते, हे भोक पूर्ण बुजवतं. तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला मोठा वाटेल."

मोठा वाटेल म्हणजे काय ते रविवारी कळलं. मेहलनने चारही आवाजांना सूर दिले आणि स्वतःच दचकला. पहिल्या ओळीपासून त्याने आवाज इतका खाली आणला की पहिल्या बाकावरच्यांनाही तो ऐकू जाईना. मंडळी बावरली. आपण काही पाप केलंय का, अशा चेहऱ्याने सगळे कुजबुजल्यासारखे गायला लागले.

"अगं, मी धान्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून गातोय असं वाटतं," घरी आल्यावर तो म्हणाला. "माझ्याशिवाय कुणी ऐकूच येत नाही. चावलं तरी दणदण आवाज होतो. हे मटार आहेत की खडी?"

त्याच्या भल्यामोठ्या बोटांना त्या यंत्राची तिळाएवढी बॅटरी बदलता येईना. ती जमिनीवर पडली की आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत शोधायचो, आणि सापडली की आम्हाला उठवायला कुणीच नसायचं. दुसऱ्या रविवारनंतर त्याने ती घेवड्याची बी स्वतःच डबीत घातली.

दुसरी जात जरा मोठी. कानाच्या वाटीत भरून बसणारी, त्याच्या कानाचा साचा घेऊन बनवलेली. दिसायची, पण कातडीच्या रंगाची. बोटांत धरता यायची. टाकीतला आवाज दबावा म्हणून रेनीने तिच्यात आरपार एक बारीक भोक ठेवलं होतं. घरात ती छान चालली. मेहलनला चहाची किटली ऐकू आली, चिमण्या ऐकू आल्या, आणि मी त्याच्या पाठीमागे पुटपुटते तेही ऐकू आलं. हे शेवटचं मला तितकंसं आवडलं नाही.

पण आमच्यात एक रीत आहे. चर्चच्या दाराशी पुरुष पुरुषांना आणि बायका बायकांना गालाला गाल लावून पवित्र चुंबन देतात. शास्त्रात सांगितलंय, म्हणून आम्ही देतो. रेनी कुबिचेक कॅथलिक, ती एवढ्या जवळ कुणाच्या जात नसावी, त्यामुळे तिच्या हे लक्षात यायचं कारण नव्हतं. मेहलनने ऑर्लीच्या गालाशी गाल नेला मात्र, कानातून जोरात शिट्टी वाजली. ऑर्ली म्हणजे आमचा शेजारी, चर्चमधला सगळ्यांत खालचा आवाज.

ऑर्ली दोन पावलं मागे सरला. "मेहलन, तुझा चहा उकळला रे."

पुढच्या माणसाच्या वेळी पुन्हा शिट्टी. त्याच्या पुढच्याला पुन्हा. यंत्राच्या जवळ काही आलं की त्याचाच आवाज भोकातून बाहेर येऊन परत त्याच्यात शिरतो आणि ते किंचाळतं. दारात रांग लागली होती. पोरं आपल्या बापांच्या पाठीमागे तोंड लपवून खिदळत होती. शेवटचे तिघं-चौघं मेहलनशी लांबूनच हात मिळवून गेले. आमच्यात लांबून हात मिळवतात ते ज्याला मंडळीतून वेगळं काढलंय त्याच्याशी. कुणाच्या मनात तसं काही नव्हतं, पण मेहलनचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि मला त्या तिघा-चौघांना टोपीच्या नाड्यांनी बांधावंसं वाटलं.

त्या दिवशी त्याने दोन्ही यंत्रं खिशात टाकली आणि पूर्वीसारखंच गाणं घेतलं. आम्ही पूर्वीसारखेच लोंबकळलो.

"पुरे झालं," तो जेवताना म्हणाला. "डॅरेलचा हात चांगला आहे."

"प्रभुभोजनाला अजून दोन रविवार आहेत."

"पुरे म्हटलं ना, व्हर्डा."

मी माझी यंत्रं बंद केली आणि जेवत राहिले. तो काहीतरी बोलत होता. मी खुणेनं सांगितलं, ऐकू येत नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा तो ओरडला असावा, कारण मानेची शीर फुगली होती. मग थांबला, आणि माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या जागी बसून कसं वाटतं ते मला त्याला दाखवायचं होतं, ते त्याला कळलं. सोमवारी आम्ही आयोवा सिटीला गेलो.

तिसरी जात कानामागे बसणारी, पण माझ्यापेक्षा पुष्कळ बारीक. तिच्यातून केसाएवढी तार पुढे येते आणि तिच्या टोकाला छोटीशी मऊ जाळीदार टोपी असते. ती कानाच्या भोकात नुसती टेकते, बुजवत नाही. रेनीने समजावून सांगितलं, "खालचे सूर तुमच्या स्वतःच्या कानाने, मोकळे आत येतील. हे फक्त वरचे सूर आणून देईल. तुमच्यासारख्या रेषेला हेच बरं. पण कानामागे दिसणार."

"दिसू दे," मेहलन म्हणाला. मला वाटतं त्या पवित्र चुंबनांनी त्याचा देखणेपणाचा प्रश्न निकालात काढला होता.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी मनाशी म्हणत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "जरा वरचा सूर धर बघू."

त्या तपासणीच्या खोलीत, खुर्चीवर बसून, मी एक लांब सूर धरला. मेहलनने तोंड वाकडं केलं. "डळमळतोय. पाण्याखालून आल्यासारखा."

"नाही हं, त्या अगदी सरळ गातायत," रेनी म्हणाली. मला तिच्याबद्दल त्या क्षणी फार प्रेम वाटलं. तिने कपाळावर हात मारला. "यंत्राला शिट्टी वाजू न देण्याची सवय लावलेली असते. तुमचा लांब सूर त्याला शिट्टी वाटतो, म्हणून ते त्याचा गळा दाबायला जातं. बोलणाऱ्यांना हे कधी जाणवत नाही. गाणाऱ्यांनाच जाणवतं. थांबा, गाण्यासाठी वेगळी सोय करून देते. ती लावलीत की ते मधे पडणार नाही. फक्त चुंबनाच्या वेळी लावू नका."

मी गात राहिले आणि ती तिच्या पडद्यावर काहीबाही बदलत राहिली. मध्येच मेहलनही त्याचा खालचा सूर घेऊन आला. शेजारच्या खोलीत कुणीतरी खोकायचं थांबलं. आम्ही एक अख्खं कडवं गायलो. शेवटी मेहलन डोळे मिटून बसून राहिला.

"कसं वाटलं?" रेनीने विचारलं.

"हिला मी लग्नाआधी ऐकलं होतं," तो म्हणाला.

मी टोपीच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

प्रभुभोजनाच्या रविवारी चर्च भरलं होतं. मक्याची कापणी निम्मी झाली होती, तरी सगळे आले होते. मेहलन काळा साधा कोट घालून पुढे उभा राहिला. कानांमागची यंत्रं कुणालाही दिसावीत अशी दिसत होती. डॅरेल दुसऱ्या बाकावर होता, आणि त्याला काय सांगून ठेवलंय हे सगळ्यांना माहीत होतं. मी नेहमीच्या जागी बसले.

नादकाटा वाजला. सूर दिले. हात वर गेला.

पहिली ओळ ठीक गेली. ओळीच्या शेवटी मेहलनला आमचा शेवटचा शब्द ऐकू आला, आणि त्याने हात खाली आणला, चटकन, पूर्वी आणायचा तसा. पण आम्ही थांबलो नाही. आम्ही सूर धरून बसलो होतो. वर्षानुवर्षांची सवय ती. दुसऱ्या ओळीत तो पुढे आणि आम्ही मागे. तिसऱ्या ओळीत पुरुषांचे आवाज अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि गाणं तुटलं. मधेच, प्रभुभोजनाच्या दिवशी. आमच्या चर्चमध्ये असं कधी झालं नव्हतं.

एक मूल मोठ्याने म्हणालं, "संपलं?" कुणी हसलं नाही.

मेहलनचा हात हवेत तसाच होता. त्याने तो हळूच खाली घेतला. मला वाटलं, आता हा डॅरेलकडे वळणार.

"तुम्ही कशासाठी थांबता?" त्याने विचारलं. रागाने नाही. खरोखर कळत नव्हतं म्हणून.

चर्चमध्ये एवढी माणसं आणि एकाचं तोंड उघडेना. मी बाकाची कड घट्ट धरली. या खेपेला मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. माझं बोलून झालं होतं.

शेवटी मागून ऑर्लीचा तो खोल आवाज आला. "तुझ्यासाठी, मेहलन."

मेहलन पाहत राहिला. "मी तुमच्यासाठी थांबत होतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुमचं अजून संपलं नाही."

"ठाऊक आहे आम्हाला," ऑर्ली म्हणाला.

मग कुणीतरी हुंदका दिला, की हसलं, मला कळलं नाही. बाकांवरून एक लाट गेल्यासारखी झाली. लव्हॉन खाली मान घालून डोळे पुसत होता. तो तरी कुणाला दोष देणार? त्यानेही तेच केलं होतं, आम्ही सगळ्यांनी केलं होतं, आणि त्याला आम्ही प्रेम म्हणत होतो. प्रेमच होतं ते. पण त्या प्रेमापायी एक माणूस इतकी वर्षं आमच्यासमोर एकटा उभा होता.

मेहलनने पुन्हा नादकाटा आपटला. "पहिल्यापासून," तो म्हणाला. "आता कुणी कुणासाठी थांबायचं नाही."

आम्ही गायलो. धडपडत, पण गायलो. दुसऱ्या कडव्यापर्यंत पाय मोकळे झाल्यासारखं झालं. आणि तिसऱ्या कडव्यात, दुसऱ्या ओळीपाशी, मेहलनचा हात अगदी किंचित थांबला. फार नाही, एका श्वासापुरता. मी त्याची नजर गेली तिकडे पाहिलं. पहिल्या बाकावर फ्रीडा युट्झी बसली होती, नव्वदीच्या पुढची, सुकलेल्या पानाएवढी. तिचा दम तुटला होता. तिने श्वास घेतला आणि ती पुन्हा आली, आणि मग आम्ही सगळे पुढे गेलो.

चर्चमधल्या सगळ्यांच्या जेवणानंतर लव्हॉन मेहलनला अंगणात गाठून म्हणाला, "जानेवारीचं राहू द्या. मी उगीच..."

"एकाआड एक रविवार डॅरेलला दे," मेहलन म्हणाला. "मला अधूनमधून खाली बाकावर बसायचंय. कोण काय गातं ते मला ऐकायचंय."

घरी जाताना गाडी तोच चालवत होता. आमच्या वळणापाशी त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना कापलेला मका होता.

"ऑर्लीच्या शेजारी कुणीच नव्हतं बसलेलं," तो म्हणाला.

"ती नेटीची जागा." ऑर्लीची बायको नेटी तीन वर्षांपूर्वी वारली. चर्चमध्ये बायकांचा दुसरा, खालचा आवाज म्हणजे नेटी. बाकीच्या सगळ्या तिला धरून गायच्या.

"तिला पुरलं, त्यानंतरच्या रविवारी मी पुढे उभा होतो," मेहलन म्हणाला. "तुम्ही सगळे रडत होतात. मला गाण्यात काहीच कमी वाटलं नाही, व्हर्डा. मला वाटलं, मी घट्ट मनाचा आहे." तो समोरच्या काचेतून पाहत होता. "ती गेली त्याच्या किती तरी आधीच ती मला ऐकू यायची बंद झाली होती. आणि मला कळलंही नव्हतं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"तिची ओळ तुला येते?" त्याने विचारलं.

येत होती. जन्मभर तिच्या पुढच्या बाकावर बसून मी वरचा आवाज गायले होते आणि तो खालचा माझ्या पाठीवर येत राहिला होता. मी आजच्याच गाण्यातली नेटीची ओळ गायले. ती एकटी गायली की गाणं वाटतच नाही. फारशी वर जात नाही, खाली जात नाही, तिथल्या तिथेच राहते. मेहलन मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं.

ओळ संपली. मी थांबले.

"पुढची," तो म्हणाला.